मृत्युंजयमामाची जागा

बंगळूर,
१० डिसेंबर २०००

काका, शरणार्थ.

तुमचं पत्र मिळालं. काकूनं पाठवलेली शेंगाचटणी मला मिळाली नाही, हॉस्टेलच्या मुलींना मिळाली. त्यांचा काकूला नमस्कार.

गेली तीन वर्षं मी इथं नेमकं काय करते ते सोप्या मराठीत लिहून पाठव, असं तुम्ही म्हणता. स्थळवाले विचारतात आणि 'ती पेशींवर काहीतरी करते' याच्यापुढं तुमची गाडी जात नाही. मागच्या स्थळाला तुम्ही 'ती रक्त तपासते' असं सांगितलंत आणि त्यांनी लगेच आजोबांचे रिपोर्ट पाठवून दिले, हे अप्पांनी कळवलं. तेव्हा लिहितेच.

पेशी म्हणजे तुमचं मंगल कार्यालय समजा. आत एक खोली आहे. तिथं नवी प्रथिनं तयार होऊन येतात, ती फेट्याच्या कापडासारखी लांब आणि नुसती लोंबती असतात. त्यांना घडी पडली पाहिजे, पीळ बसला पाहिजे आणि नेमक्या जागी गाठ बसली पाहिजे. ही गाठ गंधकाची. ती बांधणारा, चुकली तर सोडून नीट बांधणारा एक एन्झाइम त्या खोलीत असतो. आम्ही त्याला पीडीआय म्हणतो. थोडक्यात, तो पेशीतला मृत्युंजयमामा. (स्थळवाल्यांना वाचून दाखवणार असाल तर सांगा, मृत्युंजयमामा म्हणजे काकूचे धाकटे भाऊ, कार्यालयात पाहुण्यांना फेटे बांधतात ते.)

आता माझी भानगड. पुस्तकात लिहिलं आहे की हा एन्झाइम आतल्या खोलीतच असतो. त्याच्या शेपटाला खोलीचा पत्ता जोडलेला असतो, भरकटला तर त्याला धरून परत आत आणतात. आणि मला तो पेशीच्या बाहेरच्या अंगाला दिसला. एकदा नाही, सारखा दिसतो. तिथं त्याचं काय काम, हे मला कळत नाही. आमच्या मॅडमना अजून सांगितलेलं नाही. त्या पुस्तकाच्या फार जवळच्या आहेत.

तुमची,
रक्षिता


कोल्हापूर,
२ जानेवारी २००१

चि. रक्षितास आशीर्वाद, आणि एक तक्रार.

उदाहरणाला तुला जगात दुसरा माणूस मिळाला नाही का?

मृत्युंजयला मी वरपक्षाच्या दालनाशेजारी स्वतंत्र खोली दिली आहे. आरसा दिला, पंखा दिला, टाचण्यांची डबी दिली. सकाळी तो फेटे बांधतो, त्यात खोट काढायला जागा नाही. मिरवणुकीत हलगीवर माणूस कितीही नाचो, मृत्युंजयचा फेटा सुटत नाही, अशी गारगोटीपासून निपाणीपर्यंत ख्याती आहे. पण फेटे संपले की गडी खोलीत सापडेल तर शपथ. पंगत बसली की जिलेबीचं ताट घेऊन हा पाहुण्यांच्या मागून फिरत असतो. वाढपी मी वेगळे ठेवले आहेत. विचारलं तर म्हणतो, "दाजी, पावण्यांना आग्रह नको व्हय करायला?" माझा अंदाज असा की तीन जिलेब्या पाहुण्याला आणि एक स्वतःला, असं त्याचं गणित असावं.

मी एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेला माणूस. गारगोटीची गाडी गारगोटीच्या फलाटावर लागली पाहिजे, एवढंच मला समजतं. तुझी काकू म्हणते, कार्यालय म्हणजे स्टँड नव्हे. मी म्हणतो, गर्दी तीच, सामान तेच, आणि भांडणं त्याहून मोठी.

तुझ्या कामाचं स्थळवाल्यांना वाचून दाखवलं. मुलाची आई म्हणाली, फेटे बांधायला बंगळूरला कशाला जायचं. ते स्थळ मी सोडून दिलं.

तरी तुझ्या कानावर घालून ठेवतो. तुळशीच्या लग्नानंतरचा पहिला मुहूर्त मी कार्यालयाच्या फळ्यावर तुझ्या नावानं राखून ठेवला आहे. मुलगा अजून नाही. पण मुलगा मिळतो, त्या दिवसाचं कार्यालय मिळत नाही, हे मी या धंद्यात शिकलो. तुझ्या अप्पांनी कागलहून शेतीच्या व्यापातून तुझं सगळं माझ्यावर सोपवलं आहे, म्हणून एवढी काळजी.

आशीर्वाद.
रेवणसिद्ध काका


बंगळूर,
२५ जानेवारी २००१

काका, शरणार्थ.

मॅडमना सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "हा मळ आहे."

त्यांचं म्हणणं असं की माझ्या हातून पेशी फुटतात, आतला माल बाहेर सांडतो आणि बाहेरच्या अंगाला चिकटतो. ज्याची जागा आत तो बाहेर दिसला तर दोष बघणाऱ्याचा. मी वाद घातला नाही. मी न फुटलेल्या, जिवंत पेशी घेतल्या, आत शिरू न शकणारा रंग वापरला. त्याच खोलीतलं दुसरं एक प्रथिनही शोधलं, कारण सांडलं असतं तर दोन्ही सांडली असती. दुसरं बाहेर कुठंच नाही. हा एकटाच दारात उभा.

मॅडमनी सूक्ष्मदर्शकातून बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "बरं, असेल. पण करतो काय तिथं?" मी म्हटलं, गाठी बांधत असेल. चार आठवडे मी तो बाहेर काही बांधतो का हे बघितलं. काहीही बांधत नाही. नुसता उभा. मॅडमनी मला मेअखेरपर्यंत मुदत दिली आहे. तोवर त्याचं बाहेरचं काम दाखवायचं, नाही तर विषय सोडून दुसरा घ्यायचा.

दुसरा विषय म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. तेवढी वर्षं अप्पा देणार नाहीत हे मला माहीत आहे, तुम्हालाही माहीत आहे. तो फळा मला इथून दिसतो, काका.

हसू नका, पण अंधाऱ्या खोलीत पेशीची कड हिरवी उजळते तेव्हा मला फार आनंद होतो. हे सोडून यायचं म्हटलं की रडू येतं. काल आलंही.

तुम्ही फोनवर विचारलं होतं पेशी कुणाच्या. माकडाच्या मूत्रपिंडापासून वाढवलेल्या आहेत. माकड कधीचं गेलं, पेशी बाटलीत वाढतात.

तुमची,
रक्षिता


कोल्हापूर,
१९ फेब्रुवारी २००१

चि. रक्षितास आशीर्वाद.

माकडाच्या मूत्रपिंडाचं काकूला सांगितलेलं नाही. ती शनिवारी मारुतीला तेल घालते. स्थळवाल्यांना तर नाहीच नाही.

तू रडलीस हे वाचून वाईट वाटलं. पण खरं बोलायचं तर तुझ्या मॅडमचा मुद्दा मला बिनतोड वाटला. बाई एसटीत असत्या तर विभाग सुधारला असता. 'करतो काय तिथं?' हा प्रश्न मी मृत्युंजयला आजवर विचारला नव्हता. परवा विचारला. तर म्हणतो, "काय न्हाय दाजी, असाच." म्हणजे तुझ्या एन्झाइमासारखंच, नुसता उभा.

तेव्हा मी व्यवस्था बदलली आहे. सगळ्या कामगारांच्या खिशाला रंगीत फिती लावल्या. वाढपी पिवळे, भटारखाना हिरवा, फेटे लाल. लाल फीत पंगतीत दिसली की मळ समजायचा. मृत्युंजयनं फीत पहिल्याच दिवशी कुणा पाहुण्याच्या नातवाच्या टोपीला बांधून टाकली. म्हणून येत्या लग्नात फेटे संपताच त्याला खोलीत बसवून बाहेरून कडी घालणार आहे. आत केळी, पाणी आणि वर्तमानपत्र ठेवतो, आपण कसाई नव्हे.

मेअखेरचं लक्षात ठेवलं आहे. तुला यश यावं असं मला मनापासून वाटतं. न आलं तर कार्यालय आहेच.

काका


कोल्हापूर,
५ मार्च २००१

रक्षिता,

मी फार लिहीत न्हाय, तुला माहीत हाय. पण तुझ्या त्या मॅडमनं माझ्या भावाला कोंडलं, म्हणून लिहिते.

लगीन मोडता मोडता ऱ्हायलं. तुझा काका तुला लिहील की किरकोळ गैरसमज झाला. किरकोळ न्हाई. नवऱ्याकडची सगळी मंडळी गाडीत जाऊन बसलीवती. नवरी बोहल्यावरच्या अक्षता डोक्यात घेऊन रडतीया आणि तुझा काका फिती सरळ करतोय.

तू शिक, मोठी हो. पण तिकडचं हिकडं लिहून कळवत जाऊ नको. तुझ्या काकाला जे वाचंल ते करून बघायची खोड हाय.

चटणी संक्रांतीला पाठवली ती तरी खाल्लीस का?

शांताकाकू


कोल्हापूर,
२० मार्च २००१

चि. रक्षितास आशीर्वाद.

मधे कार्यालयात एक किरकोळ गैरसमज झाला. काकूनं तुला लिहिलं आहे असं आज कळलं, म्हणून सगळं सांगतो.

वरपक्ष राधानगरीकडचा. नवऱ्याचे चुलते हंबीरराव, गावचे मोठे, पहिल्या मानाचा फेटा त्यांचा. सकाळी मृत्युंजयनं तो बांधला, मी मागोमाग कडी घातली. अक्षता वेळेवर पडल्या. पंगत वेळेवर बसली. पिवळ्या फिती वाढतायत, हिरव्या आत आहेत, मला वाटलं, आज आपलं कार्यालय खरं मार्गाला लागलं.

आणि दुसऱ्या वाढीला हंबीररावांनी दोन्ही हातांनी डोक्यावरचा फेटा उचलला आणि ताटाशेजारी ठेवला.

आपल्याकडं मानाचा फेटा माणूस स्वतःच्या हातानं कधी उतरवतो हे तुला माहीत आहे. रुसला तर. मुलीचा बाप हात जोडून धावला, "मानपानात काय कमी पडलं?" हंबीरराव म्हणाले, "काय न्हाय." पण ते असे चिडून म्हणाले की कुणाचाच विश्वास बसला नाही. मुलीचा मामा बोलला, "कमी पडलं नसंल तर हा अपमान कशाला?" त्यावर नवऱ्याकडचे चौघे उठले. त्यांचेही चेहरे सकाळपासूनचे आंबट होते. मग जिलेबीचं ताट उडालं, ते कुणी उडवलं यात मी जात नाही. अर्ध्या तासात वरपक्ष गाडीत.

काकूनं जाऊन कडी काढली. मृत्युंजय बाहेर आला, सरळ गाडीत चढला. हंबीररावांना म्हणाला, "पावणं, डोकं ठणकतंय न्हवं?" हंबीरराव म्हणाले, "मर्दा, सकाळधरनं ठणकतंय. घास गिळंना." एवढंच होतं. मृत्युंजयनं फेटा पुन्हा त्यांच्या डोक्यावर ठेवला, मागनं दोन बोटं घालून पीळ सैल केला. मग त्याच गाडीतल्या बाकीच्यांच्या मागनं फिरला. एकेक चेहरा सुटत गेला, मी दारात उभा राहून बघत होतो. मंडळी उतरली, जेवली. हंबीररावांनी माझ्याकडं पुन्हा जिलेबी मागितली.

रात्री मी मृत्युंजयला विचारलं. म्हणाला, "दाजी, सुटत न्हाय म्हणून माझं नाव हाय. घट्टच बांधाय लागतोय. पण घट्ट फेट्यात माणूस जेवतोय व्हय? एका हातात जिलेबी, दुसऱ्या हाताचं बोट मागनं घालायचं. पावण्याला वाटतंय जिलेबीनंच बरं वाटलं."

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"आणि मृत्युंजयचा फेटा टोचतोय अशी बोंब झाली म्हणजे?"

फिती काढून टाकल्या आहेत. तुझ्या मॅडमना यातलं काही कळवू नकोस.

काका


बंगळूर,
१ एप्रिल २००१

काका, शरणार्थ.

तुमचं पत्र उभ्याउभ्या वाचलं, मग प्रयोगशाळेत बसून पुन्हा वाचलं. मृत्युंजयमामांना माझ्याकडून साष्टांग नमस्कार सांगा. त्यांना कोंडल्याबद्दल क्षमाही मागा, पण कोंडलंत ते फार बरं केलंत.

मी मूर्खासारखी एकच प्रश्न विचारत बसले होते, की हा बाहेर गाठी बांधतो का? आत बांधणारा बाहेरही बांधतच असणार, असं मी धरून चालले होते. आत गाठी बसायला पोषक हवा असते, बाहेर ती नसते. तेच हात बाहेर गेल्यावर सोडतही असतील, हे मी वाचलेलं होतं, पण मनावर घेतलं नव्हतं. आणि नुसतं बघत बसून ते दिसणारही नाही. तुम्ही सारी वर्षं जिलेबीचं ताट बघितलंत, बोट नाही बघितलंत. कडी घातल्यावर कळलं.

तर मीही कडी घालणार आहे. एक औषध आहे, ते पेशीच्या आत शिरत नाही. बाहेरच्या पीडीआयचे तेवढे हात धरून ठेवतं. आतला मामा आपलं काम करत राहील. मग बघायचं, कुणाची गाठ सुटायची राहते.

गाठ कुणाची, तेही ठरवलं आहे. घटसर्पाच्या विषाचे दोन भाग अशाच गाठीनं जोडलेले असतात. ती सुटली तरच विष पेशीला मारतं. सोडतं कोण? परदेशात एकदोघांनी याच्याकडं बोट दाखवलं आहे. मॅडमना ते पटलेलं नाही. आमच्या पेशींत खरं-खोटं मला करून बघायचं आहे.

मेअखेरपर्यंत पत्र आलं नाही तर काळजी करू नका. फोनही करू नका, वॉर्डन तुमच्या आवाजाला भितात.

रक्षिता


बंगळूर,
१२ मे २००१

काका,

पेशी जगल्या.

शरणार्थ लिहायचं राहिलं. शरणार्थ.

विष सगळ्यांना सारखंच घातलं होतं. ज्यांना कडी नव्हती त्या मेल्या, तळाशी कचरा होऊन पडल्या. कडी घातलेल्यांतल्या निम्म्याहून जास्त तशाच पसरून, चिकटून बसलेल्या, जणू काही घडलंच नाही. मी पुन्हा केलं, तेच आलं. मग मॅडमनी बांगड्या काढून ठेवल्या आणि सगळा प्रयोग स्वतःच्या हातानं केला, कारण माझ्या हातांवर त्यांचा अजून विश्वास नव्हता. तेच आलं.

मॅडमनी बांगड्या पुन्हा चढवल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे हा दारात उभा राहून मारेकऱ्याची गाठ सोडून देतो?" माझ्या तोंडून निघून गेलं, "मॅडम, पाहुणा कसला आहे हे मामा बघत नाही. फेटा दिसला की बोट घालतो." त्यांनी विचारलं, कोण मामा. तुम्ही सांगू नको म्हणाला होता, पण मग मला सगळंच सांगावं लागलं, फिती, केळी, हंबीरराव. मॅडम हसताना मी पहिल्यांदा बघितल्या. त्यांना हसताना ठसका लागतो.

आता त्या म्हणतात, हे पुरं करायचं. रोजच्या व्यवहारात, विष नसताना, तो दारात कुणाकुणाच्या गाठी सोडतो हे शोधायचं. निदान आणखी दोन वर्षं.

काका, मला ती दोन वर्षं हवी आहेत. तुमच्याशी गोड बोलून, चटणीचं कौतुक करून मागायचं ठरवलं होतं, पण ते जमत नाही. मला इथं राहायचं आहे. तुम्ही नाही म्हणालात तर मी येईन, कारण तुम्ही आणि अप्पांनीच मला इथं पाठवलं. पण मन मारून येईन, हे आधीच सांगून ठेवते.

रक्षिता


कोल्हापूर,
२६ मे २००१

चि. रक्षितास आशीर्वाद.

तुझं पत्र मृत्युंजयला वाचून दाखवलं. पहिलं निम्मं त्याला फार आवडलं, शेजारच्या पानपट्टीवाल्यालाही बोलावून ऐकवायला लावलं. विषाच्या ठिकाणी मात्र तो दुखावला. म्हणाला, "तिला कळवा, मी वळख काढल्याबिगर कुणाच्या डोक्याला हात लावत न्हाय." तेवढं तुझ्या प्रबंधात दुरुस्त कर.

त्याला आता फीत पाहिजे आहे. इतके दिवस नको होती, आता सगळ्या रंगांची पाहिजे. काकूनं तिन्ही रंगांच्या फितींचा गोंडा करून त्याच्या खिशाला लावला आहे. तो घालून परवा तो पंगतीत फिरला आणि सगळे पाहुणे त्यालाच मालक समजले.

कागलला जाऊन तुझ्या अप्पांना सांगून आलो. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी फोन करून विचारलं, त्या माकडाचं नाव काय होतं. म्हणजे समजून घे, तिकडचं झालं.

आता फळ्याचं. हंबीरराव परवा येऊन गेले. त्यांच्या धाकट्या मुलीचं ठरलं आहे, तुळशीच्या लग्नानंतरचा पहिला मुहूर्त पाहिजे होता. मी म्हणालो, तो राखीव आहे. ते म्हणाले, मुलगा कुठला? मी म्हणालो, मुलगा नाही. मला त्या वेळी पहिल्यांदा वाटलं की मी नवरीच्या मर्जीशिवाय आणि नवऱ्याच्या अस्तित्वाशिवाय पाच महिने एक कार्यालय अडवून बसलो आहे. त्यांच्यासमोर ओला फडका घेतला आणि तुझं नाव पुसलं. हात जड झाला, खोटं कशाला सांगू. तुझं नाव मी फार झोकात काढलं होतं.

मी सारी नोकरी गाड्या जागेवर आहेत की नाहीत ते बघत काढली. आगारात उभी असलेली गाडी अगदी जागेवर असते, पण तिच्यात कुणी बसत नाही. तू दोन वर्षं म्हणतेस, तुला लागतील तेवढी घे. आता स्थळवाल्यांनी विचारलं की पोरगी कुठं असते, तर मी सांगतो, जिथं तिचं काम आहे तिथं असते.

हंबीररावांच्या मुलीच्या लग्नाला मात्र ये. कुणी तुला बघायला येणार नाही, नुसती जेवायला ये. मॅडमनाही घेऊन ये, मृत्युंजय त्यांना मानाचा फेटा बांधणार म्हणतो. तो घट्टच बांधणार. पण त्यांना सांग, घाबरू नका, पंगतीला बसलं की मागनं जिलेबी येते.

काका

ता. क. काकू सांगते, या खेपेला चटणीचे दोन डबे आहेत. मोठा हॉस्टेलच्या मुलींना, लहान तुला.